दुपट्ट्याखालचा भाव

दोन माणसं हसून हात मिळवू लागली की बाकीचे त्यांचे चेहरे पाहत. गुलाबभाऊ हात पाहत. अकोल्याच्या कापूसबाजारात त्यांनी उमेदीची वर्षं दलालीत घालवली होती. तिथे भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आत बोटं दाबून सौदा ठरवायचा. "तोंड जगासाठी, बोटं सौद्यासाठी," असं ते म्हणत. पुढे त्यांनी रेडिओचं दुकान टाकलं, पण खांद्यावरचा दुपट्टा आणि मनातला संशय काही उतरला नाही. रेडिओ ठेवायला तेव्हा परवाना लागे; तो मी पोस्टात देई, म्हणून ओळख झाली. पहिल्याच भेटीत मी चहा मागवला, तर म्हणाले, "काहून पाजून राहिले बाप्पा? काम सांगा आधी."

ट्रान्झिस्टर नवे आले तेव्हा एका बड्या कंपनीचा एजंट दुकानादुकानांत रंगीत पाटी आणि काचेचं कपाट फुकट वाटत फिरला. अट एकच: दुसऱ्या कंपनीचा माल ठेवायचा नाही. सगळ्यांनी पाट्या लावल्या. गुलाबभाऊंनी पाटीची मागची बाजूसुद्धा तपासली. "साहेब, पाटी मले देऊन राहिले, का मलेच पाटीले देऊन राहिले?" एजंट हसला आणि पाटी परत घेऊन गेला. त्या कंपनीचा माल त्यांना पुन्हा मिळाला नाही.

"भाऊ, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" मी समजावलं.

"तुमाले किती देल्ले त्यानं?" मला असा राग आला, की काही दिवस मी त्या रस्त्यानं गेलोच नाही.

भाऊंचं दुकान आता जोशी नावाच्या दुसऱ्या एजंटवर चालू लागलं. त्याच्या लहान कंपनीचा ट्रान्झिस्टर स्वस्त, वाजायचाही खणखणीत. पार अमरावतीहून गिऱ्हाइकं येत. झक मारून बाकीच्यांनीही भाव उतरवले. गुलाबभाऊंनी आयुष्यात एकाच माणसावर डोळे मिटून विश्वास टाकला, तो हा जोशी.

एका दुपारी मी दुकानात बसलो असताना जोशी आला. काखेत तीच रंगीत पाटी. "बड्या कंपनीनं आमची कंपनी विकत घेतली, भाऊ. आता पाटी लावाल तरच माल मिळेल."

भाऊ आता तोंडाचा पट्टा सोडणार, असं मला वाटलं. त्यांनी जोशीचा हात धरला आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या हातांवर टाकला. "बोला. इथं कोनी पाहून नाई राहिलं. तुमाले किती भेटले?" जोशीची मान खाली गेली. भाऊंनी बराच वेळ त्याचा हात सोडला नाही.

तो गेल्यावर म्हणाले, "एक बोट नाई हाललं त्याचं. दमडी नाई भेटली त्याले. कंपनी इकताना त्याले कोनी इचारलंच नाई पोस्टबाबू, माह्यासारखंच."

पाटी त्यांनी लावली नाही. दुकानाला कुलूप घातलं आणि त्याच हिवाळ्यात ते गेले. मी फार रडलो. माझ्या चहावर संशय घेणारं हक्काचं माणूस दुसरं नव्हतं.

पुढच्या वर्षी बायकोसाठी ट्रान्झिस्टर घ्यायला निघालो. पहिल्या दुकानातला भाव ऐकून डोळे पांढरे झाले. शेजारच्या दुकानात तोच भाव, त्याच्या शेजारीही तोच.

"दुसऱ्या कंपनीचा दाखवा," मी म्हटलं.

"दुसरी हाय कुठं आता?" दुकानदार हसला आणि माझ्यासाठी चहा मागवला.

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. "काहून पाजून राहिले बाप्पा?"