माझे साडू आणि लग्नातला पॅच

माझ्या साडूंइतका सज्जन आणि त्यांच्याइतका धक्के देणारा माणूस अख्ख्या मावळात दुसरा नसेल. एका बँकेच्या मेनफ्रेमची, म्हणजे सगळी खाती सांभाळणाऱ्या अवाढव्य संगणकाची, देखभाल त्यांच्याकडे. पॅच नावाची नवी दुरुस्ती आली की आधी तिच्यासोबतच्या सूचना वाचायच्या, मग ती चाचणीच्या यंत्रावर चालवून बघायची, जुनं जपून ठेवायचं आणि महिनाभर सुरळीत चाललं तरच कायम करायचं, हा त्यांचा धर्म. तो त्यांनी तळेगावच्या घरातही पाळला. त्यांच्या बायकोनं, माझ्या थोरल्या मेव्हणीनं, केस कापले तेव्हा ते हादरून म्हणाले, "जुने परत लावता येतात का, हे आधी विचारलंस का?" सईच्या, म्हणजे लेकीच्या, साखरपुड्यात तर लोणावळ्याच्या व्याह्यांना शांतपणे म्हणाले, "महिनाभर बघू. नीट चाललं तर कायम करू." व्याह्यांच्या घशात पोहे अडकले. मी त्यांची पाठ थोपटायला धावलो.

पण खरा हादरा बसला तो कार्ल्याच्या हॉलमध्ये, ऐन लग्नात. मुहूर्त तोंडावर आला आणि यांचा फोन वाजला. हे रजेवर आहेत म्हणून कुणीतरी चालू यंत्रावर थेट पॅच घातला होता, आणि पेन्शनच्या दिवशी खातीच उघडेनात! साडू उपरणं सावरत लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत बसले. इकडे गुरुजींनी अंतरपाट धरलेला, आणि वधूपिता गायब.

"अण्णा, उठा!" मी जवळजवळ ओरडलोच.

"म्हातारी माणसं बँकेत ताटकळलीत हो," ते म्हणाले आणि फोनवर वळले. "घाबरू नकोस. नवं काढून टाक. जुनं ठेवलंय, तेच परत बसव."

मी बाहेर आलो तर दुसरा धक्का. मुंडावळ्या बांधलेली सई म्हणत होती, "बाबा आल्याशिवाय मी हार घालणार नाही."

नवरदेवाचे आजोबा काठी टेकत उठले.

"व्याही कुटं गेलं?"

मी भीत भीत सगळं सांगितलं.

"मंग बसू द्या की त्यांना! माजी बी पेन्शन तितंच येती."

थोड्या वेळानं खाती उघडली. साडू घामाघूम होऊन अनवाणी धावत आले आणि अक्षता पडल्या.

संध्याकाळी सईची गाडी महामार्गाला लागली. साडू आणि मी दोघंच हॉलच्या फाटकापाशी उभे होतो.

"लोणावळ्याला रात्री गारठा असतो," ते हळूच म्हणाले. "तिनं शाल घेतलीय का, तेवढं बघायचं राहिलं माझं."