क्यू दाबल्यावर

नव्वदीच्या सुरुवातीला धुळ्याजवळच्या एका सूतगिरणीत टायपिस्टची एकच जागा निघाली. परीक्षा गिरणीच्याच संगणकांवर होती. दिलेला मजकूर टाईप करून सेव्ह करायचा, मग वाचायच्या प्रोग्रॅममध्ये उघडून तपासनिसांना दाखवायचा.

मी जळगावला शिकलेलो. तिथल्या संगणकावर कीबोर्डवरचा क्यू दाबला की वाचायचा प्रोग्रॅम बंद व्हायचा, पण मजकूर स्क्रीनवर तसाच राहायचा. खाली नुसती पुढच्या आज्ञेची वाट बघणारी खूण, प्रॉम्प्ट, यायची. सगळीकडे असंच असतं, असं मी धरून चाललो होतो. इथे मजकूर एकदा वाचून क्यू दाबला आणि स्क्रीन लख्ख पुसली गेली. वेगळं काही सांगून ठेवलं नसेल, तर हा प्रोग्रॅम जाताना सगळं साफ करूनच जायचा. काम झालं की माणसाला ते बघायचं नसतं, असं कुणीतरी परस्पर ठरवून टाकलेलं. मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला. डोळ्यांसमोरची अक्षरं न विचारता काढून घेतलेली मला चालत नसत.

तेवढ्यात वेळ संपली. "कीबोर्डवरून हात काढा," म्हणत तपासनीस रांगेने आले. गिरणीतले जुने साहेब. माझ्यापाशी थांबले.

"कोरं?"

"साहेब, मी बठ्ठं टाईप करेल शे." सगळं टाईप केलंय, एवढंच सांगायचं होतं, पण घाबरल्यावर तोंडातून घरची अहिराणीच आली.

"मग कोठे शे?" तेही खानदेशीच.

"फाईलमध्ये आहे. स्क्रीनवर दिसत नाही म्हणजे केलंच नाही, असं कसं धरता? एक बटण दाबू द्या."

"भाषण नको. दिसेल त्याला मार्क."

शेजारी शिरपूरची एक मुलगी होती, धुळ्यात शिकलेली. तिने क्यू दाबलाच नव्हता. मजकूर उघडा ठेवून, हात मांडीवर घेऊन ती साहेबांची वाट बघत होती.

"साहेब, या भाऊंचं खरं आहे. हे मशीन पुसून टाकतं."

"तुझं बरं नाही पुसलं?"

"माझंही पुसेल. बघा."

आणि तिने क्यू दाबला. तिचे मार्क अजून द्यायचे होते.

"अगं, काय केलंस हे! आता तुलाही शून्य देऊ?"

"द्या. नाहीतर दोघांना परत उघडू द्या."

साहेब दोन्ही कोऱ्या स्क्रीनकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढून आमच्या मधे बसले. "उघडा. माझ्यादेखत. एका अक्षराला हात लावायचा नाही."

दोन्ही मजकूर परत आले. माझ्यात बऱ्याच चुका निघाल्या, तिच्यात शोधाव्या लागल्या.

बाहेर व्हरांड्यात मी तिचे आभार मानले आणि जळगावच्या मशीनवर मजकूर पुसला जात नाही, तेही सांगितलं. ती म्हणाली, "जळगावला खरंच राहतं का हो लिहिलेलं?"

"राहतं."

"मग चुकाही राहत असतील."

जागा तिला मिळाली. हरकत घेण्यासारखं मला त्यात काही सापडलं नाही.