टोपीवाल्यांचे सिनेमे

“काय म्हणतोय त्यो?”

रविवारी दुपारी आमच्या घरात हा प्रश्न दर दोन मिनिटांनी येतो. विचारणारे माझे वडील, आबा. जन्म गेला कळंब्याच्या जेलमध्ये. शिपाई म्हणून लागले आणि हवालदार होऊन निवृत्त झाले. उत्तर देणारी मी, कॉलेजात इंग्रजी शिकवते. आणि ‘त्यो’ म्हणजे टीव्हीवरचा कुणीतरी अमेरिकन माणूस. डोक्यावर टोपी, तोंडात सिगारेट आणि चेहरा असा, की आता आपलं काही खरं नाही.

आई गेल्यावर आबा माझ्याकडे मंगळवार पेठेत राहायला आले. मी एकटीच असते. हे जुने काळे-पांढरे गुन्ह्यांचे सिनेमे, ज्यांना नॉयर म्हणतात, ते माझं फार वर्षांचं वेड. वर्गात दाखवले तर पोरं दहा मिनिटांत मोबाईल काढतात. ‘मॅडम, रंगच न्हाय की!’ डोकं फिरतं माझं. अरे, रंग नाही म्हणून तर सावली दिसते! असो. एका रविवारी पडदे ओढून मी असा एक सिनेमा लावला आणि आबा भडंगाची वाटी घेऊन शेजारी येऊन बसले. मला वाटलं, पाच मिनिटांत उठतील. ते उठलेच नाहीत.

दहाव्या मिनिटाला हिरोकडे बोट करून म्हणाले, “ह्यो येणार.”

“कुठे?”

“आमच्याकडं.”

आला की! शेवटी हिरोच्या हातात बेड्या पडल्या, तेव्हा आबा खुशीत म्हणाले, “सिनेमा जिथं संपतोय, तिथनं आमची ड्युटी सुरू.”

मग दर रविवार ठरूनच गेला. बाहेर गल्लीत फुटबॉलचा दंगा, आत अंधार आणि भडंगाची कुरकुर. मी या सिनेमांवरची जाडजूड पुस्तकं वाचलीत. युद्धानंतरची निराशा, शहरं, प्रकाशाचे कोन, सगळं लिहिलेलं असतं त्यात. पण मला हे सिनेमे पुन्हापुन्हा का बघावेसे वाटतात, ते आबांनी भडंग चावता चावता सांगितलं. “ह्यात वंगाळ असं कोण न्हाय बघ. तुझ्या-माझ्यावानीच हाईत. पाय घसरला, की झालं.” नवऱ्याला संपवणाऱ्या बायकांनासुद्धा ते कधी नावं ठेवत नसत. “तिला दुसरी वाट दावली का कुणी? सांग की.”

त्यांना सगळ्यात आवडायचे ते सिनेमे, ज्यांत गुन्हेगार स्वतःच आपली गोष्ट सांगतो. पडद्यावर तो पावसात चालत असतो आणि मागून त्याचाच आवाज येतो, की मी असं असं केलं. “आधीच सांगून टाकतोय बघ. असं पायजे,” आबा म्हणायचे आणि एकदम गप्प व्हायचे. का, ते मला कळायचं.

माझा धाकटा भाऊ तेव्हा त्याच कळंब्यात होता, गजाआड.

एका रविवारी संध्याकाळी रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाला त्याच्या गाडीची धडक बसली. हा थांबला नाही. सरळ माझ्या घरी आला. गाडीचा दिवा फुटलेला. “कुत्रं आडवं आलं,” म्हणाला. आम्ही तिघं जेवायला बसलो. आबांनी आपल्या ताटातली मटणाची नळी उचलून त्याच्या ताटात टाकली. तो जेवला, हात धुतले, गेला. सकाळी पोलीस आले. तो माणूस रस्त्याकडेलाच संपला होता.

खटला चालला, दीड वर्षाची शिक्षा झाली. आबा कोर्टात आले नाहीत, भेटीला तर नाहीच. “सुटल्यावर माझ्यासमोर यायचं न्हाय,” एवढंच म्हणाले. भावाला या घराशिवाय दुसरं कुणी नाही, लग्न ठरत होतं तेही मोडलेलं. एकदा माझा तोल गेला. पातेलं आपटून मी म्हणाले, “पडद्यावरच्या परक्या खुन्याची दया येते तुम्हाला, आणि पोटच्या पोराची येत नाही?”

“परका माझ्याशेजारी बसून जेवला न्हाय,” आबा म्हणाले. “जल्मभर खोटं बोलणारी माणसं राखली म्या. आन् घरातलं वळखाय आलं न्हाय.”

मी आपटलेलं पातेलं उचलून जागेवर ठेवलं.

भाऊ सुटायच्या आधीच्या रविवारी मी न बघताच एक सिनेमा लावला. माझी चूक. विसाव्या मिनिटाला हिरोने ओल्या रस्त्यावर एकाला गाडीखाली घेतलं आणि पळाला. माझा हात रिमोटकडे गेला.

“ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले.

हिरो घरी आला. बायकोने ताट वाढलं. तो खाली मान घालून खात होता आणि मागून त्याचा आवाज सुरू होता.

“काय म्हणतोय त्यो?”

खरं सांगते, तो हवेबद्दल बोलत होता. पाऊस थांबेना, असलं काहीतरी. पण माझ्या तोंडून निघून गेलं, “म्हणतोय, प्रत्येक घासाला वाटत होतं की आता सांगावं. पण ती हसत होती. ते हसणं मला मोडवेना.”

आबांच्या हातातली भडंगाची मूठ तशीच राहिली. सिनेमा संपेपर्यंत त्यांनी पुढे काही विचारलं नाही. संपल्यावर म्हणाले, “कधी सुटतोय?”

“शुक्रवारी.”

“येळंत जा. गेटवर आपलं कोण दिसलं न्हाय, की माणूस उगंच हिकडं तिकडं बघत ऱ्हातोय.”

स्वतः येतो म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

शुक्रवारी मी भावाला रिक्षातून आणलं. केवढा वाळला होता! रिक्षात मला बिलगून बसला, लहानपणी बसायचा तसा. दारात आल्यावर मात्र उंबऱ्याबाहेरच थांबला. आबा खुर्चीत, नजर बंद असलेल्या टीव्हीकडे. भाऊ काहीतरी पुटपुटला.

आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. मला विचारलं, “काय म्हणतोय त्यो?” आणि लगेच बोट उगारलं. “ह्या टायमाला पदरचं काय घालू नगंस.”

अगं बाई! म्हणजे रविवारी त्यांना सगळं कळलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी भावाला म्हणाले, “मोठ्यानं सांग. सुरुवातीपासून.”

तो सांगायला लागला. एक वाक्य तो बोलायचा, तेच मी आबांना सांगायची. मराठीचं मराठीत.

“कुत्रं नव्हतं.”

“कुत्रं नव्हतं म्हणतोय, आबा.”

“मी गाडीच्या आरशात बघितलं. तो हलत होता.”

हे त्याने कोर्टातही सांगितलं नव्हतं. पदरचं घालायचं नाही, तसं गाळायचंही नाही. मी सांगितलं. आबांनी डोळे मिटले.

“तुम्ही नळी दिलीत, तेव्हा सांगणार होतो. भीती वाटली. आणि भूकही लागली होती, आबा. त्याची लाज अजून जात नाही.”

तेही सांगितलं. आबांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं. मी स्वयंपाकघराकडे बघितलं, तर आत तीन ताटं मांडलेली. मी निघताना तिथे काहीही नव्हतं.

“त्याला म्हणावं,” आबा मला म्हणाले, “उद्या त्या माणसाच्या घरी जायचं. पाय धरायचं. म्या संगं येतो. आता हातपाय धू, जेवाय बस.”

भावाने सगळं ऐकलं होतं. दाराच्या चौकटीला धरून हमसून हमसून रडत होता. तरी मी वळले आणि त्याला शब्दन् शब्द सांगितलं, “आबा म्हणतायत, हातपाय धू, जेवायला बस.”