कठड्यावरची डिंपना

युरोपच्या संसदेची मतमोजणी म्हणजे आमच्या डिंपनाचा सण. एरवी ती शाळेची बस चालवते. मोजणीच्या आठवड्यात रजा. कॅसलबार शहरातल्या हॉलमध्ये कर्मचारी मतपत्रिका उलगडतात आणि कठड्याच्या अलीकडे आम्ही पक्षांची माणसं ज्याला मत त्याच्या नावापुढे पेन्सिलीनं रेघ मारत अंदाज बांधतो. ती एका पक्षाची, मी दुसऱ्याचा. पण तीस वर्षं आम्ही पेट्या वाटून घेत आलोय. मी चुकलो की म्हणणार, "एन्डा, डोळे घरी ठेवून आलास का रे?"

या खेपेला तिचा धाकटा भाऊ फिंटन निवडणुकीला उभा होता. पंधरा परगण्यांचा मतदारसंघ, जागा पाच. हातभर लांब कागदावर मतदार पसंतीचे आकडे घालतात. मागे पडेल तो बाद आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला. फिंटनचं आणि तिच्या सुतार नवऱ्याचं, मलाखीचं, मात्र दगडी कुंपणावरून अकरा वर्षं वाकडं. "त्याच्यापेक्षा गाढवाला मत देईन," असं मलाखी पबमध्ये सगळ्यांदेखत बोललेला.

आमच्या गावची पेटी उघडली. एक कागद आला आणि डिंपनाची पेन्सिल थांबली. सुताराचे ते ठसठशीत आकडे, सातच्या पोटात रेघ. गावात तसं एकटा मलाखी लिहितो. फिंटनच्या नावापुढे एक.

"मार की रेघ," मी म्हणालो.

"मारते रे बाबा," म्हणत तिनं नाक पुसलं. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? पण अक्षर ओळखलं तरी बोलायचं नाही, हा कठड्यावरचा धर्म.

चौथ्या दिवशी फिंटन बाद झाला. डिंपना त्याला म्हणाली, "चल घरी जेवायला."

"त्या माणसाच्या घरी? एक मत तरी दिलं का त्यानं मला?"

दोन शब्दांत भांडण मिटलं असतं. माझ्या तर अगदी जिभेवर आलं होतं. डिंपनानं डोळे वटारले.

मग ती भावाला म्हणाली, "पंधरा परगणे दारोदार फिरलास. माझ्याच दारात तेवढा आला नाहीस. मागितलंस का कधी त्याच्याकडे?"

फिंटन आमच्याबरोबर गाडीत बसला.

दार मलाखीनंच उघडलं.

"मत मागायला आलोय," फिंटन म्हणाला.

"निवडणूक झाली की रे."

"ठाऊक आहे."

मलाखी दारातून बाजूला झाला. "उशीर केलास. ये, बटाटे निवतायत."