धाकट्याची करवत

वय एकसष्ट झालं तरी अख्खी वस्ती त्याला धाकटाच म्हणायची, कारण थोरला हयात होता. वीस-बावीस वर्षं दोघा भावांनी मिळून अवघड झाडं तोडली. छपरावर कललेली, तारांत अडकलेली, वादळात अर्धी मोडून लोंबकळणारी. धाकटा दोर बांधून वर चढायचा आणि दादा खाली उभा राहून दोर आणि मशीन सांभाळायचा. पेट्रोलच्या करवतीत ऑइल किती मिसळायचं, चेन किती ताणायची, प्लग कधी बदलायचा, हे सगळं दादाचं खातं. धाकट्यानं त्यात कधी नाक खुपसलं नाही.

मग दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पुतण्यानं आईवडिलांना आपल्याकडे नेलं, पाच तासांवरच्या शहरात. धाकट्याचं लग्न कधी जमलंच नव्हतं. घरात तो एकटा उरला. चार खोल्या आणि मागची शेड. तो एकाच खोलीत राहायचा. सकाळी शिजवलेलं संध्याकाळी खायचा. दोन-दोन दिवस तोंड उघडायची वेळ यायची नाही, आणि मग दुकानात साबण मागताना पहिला शब्द घशातच अडकायचा. दुकानदार विचारायचा, "घसा बसलाय का?" तो मान हलवायचा. होय म्हणणं सोपं होतं.

उंचावरची कामं त्यानं सोडली. जमिनीवरून होतील तेवढीच घ्यायचा. आणि मग करवतीनं असहकार पुकारला.

दोरी ओढली की एका झटक्यात सुरू व्हायची. हळू चालताना गुरगुरायची, अगदी शहाण्यासारखी. पण पातं लाकडाला लागलं की आवाज खाली यायचा आणि तिथंच दम सोडायची. धाकट्यानं नवा प्लग घातला. एअर फिल्टर साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवला. चेनचा एकेक दात कानशीनं घासला. ताजं पेट्रोल भरलं. कार्बोरेटरचे स्क्रू अंदाजानं इकडे तिकडे फिरवून पाहिले, तर आधी निदान सुरू तरी नीट व्हायची, आता त्यालाही कुरकुरायला लागली. पुन्हा होते तसे करता करता अख्खी दुपार गेली.

बाजारातल्या मेकॅनिकनं ती हातात घेऊन दोनदा रेस केली आणि म्हणाला, "काका, म्हातारी झाली ही. नवी घ्या."

"म्हातारा तर मीपण झालोय," धाकटा म्हणाला. मेकॅनिक हसला, पण करवत काही त्यानं उघडली नाही.

निवृत्त शाळामास्तरीणबाईंच्या अंगणात एक वठलेलं झाड आडवं पडलं होतं. फाटकाची वाट अडली होती. चार दिवस त्या शेजाऱ्यांच्या कुंपणातून वाकून ये-जा करत होत्या. "तुम्हीच या," असा त्यांचा निरोप दोनदा आला. नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. शेवटी त्यानं टाकीतलं पेट्रोल डब्यात काढून ठेवलं, पण तळाशी थोडं राहिलंच. चेन आणि पातं काढून करवत गोणपाटात गुंडाळली, आणि सकाळची बस धरली.

कंडक्टरनं गोणपाटाला पाय लावून पाहिला. "हे काय?"

"करवत. भावाकडे चाललोय."

"भाऊ काय झाड आहे का?"

आसपासचे लोक हसले. त्या दिवशी त्याच्याशी बोललेला तो पहिला माणूस होता, म्हणून धाकटाही हसला.

पुतण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. वहिनीनं दार उघडलं, गोणपाट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "भावजी, रिकाम्या हातानं आला असता तरी चाललं असतं. हे काय घेऊन आलात?"

दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. धाकट्याला पाहून त्याच्या घशातून एक आवाज निघाला. वहिनीनं फरशीवर वर्तमानपत्रं पसरली. धाकट्यानं करवत दादाच्या गुडघ्यांपाशी स्टुलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. सुरू होते, हळू चालते, लाकूड दिसलं की मरते. प्लग केला, फिल्टर केला, चेन केली.

दादानं ऐकलं. मग डाव्या हातानं टाकीचं झाकण उघडायची खूण केली. धाकट्यानं उघडलं. दादानं वाकून वास घेतला आणि मान वर करून त्याच्याकडे असं पाहिलं की धाकट्याला पंचवीस वर्षांचा असल्यासारखं वाटलं.

"ऑइल थोडं जास्त घालतो मी," तो पुटपुटला. "म्हटलं, मशीनला बरं."

दादाच्या घशातून पुन्हा आवाज निघाला. या वेळी रागाचा. त्याचं बोट कार्बोरेटरवरून पुढं सरकलं, प्लगवरून सरकलं आणि सायलेन्सरवर येऊन थांबलं. दोनदा टकटक केलं.

धाकट्यानं बोल्ट सोडले. आत नखाएवढी जाळी होती. असं काही तिथं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. जास्तीच्या ऑइलची काजळी बसून जाळीची सगळी भोकं बुजली होती. धूर बाहेर जायला वाटच नव्हती, मग इंजिन जोर कुठून काढणार? वहिनीनं भांडी घासायचा जुना तारेचा ब्रश दिला. धाकटा घासत राहिला, आणि दादा मधूनमधून बोटानं दाखवत राहिला: इथं राहिलं, इथंही. घासून झाल्यावर दादानं जाळी डाव्या हातात घेतली आणि खिडकीच्या उजेडासमोर धरली. बराच वेळ धरून ठेवली.

तिथं सुरू करून बघता येणार नव्हतं. रात्री तो घरी परतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मापानं ऑइल घातलं. मास्तरीणबाईंच्या अंगणात करवत एका दमात बुंध्यातून आरपार गेली. त्यानं लगेच फोन लावला. वहिनीनं तो दादाच्या कानाशी धरला. "दादा, चालली," धाकटा ओरडला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. थोडा वेळ त्यानंही तो ऐकला, मग फोन ठेवला.

महिन्याभरानं तो पुन्हा करवत घेऊन गेला. बिघडलेलं काहीच नव्हतं. निघण्याआधी त्यानंच प्लगची टोपी सैल करून ठेवली होती. दादाला ती सापडायला क्षणही लागला नाही. त्यानं टोपी पाहिली, मग धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं नजर चुकवली. दादा अर्ध्या तोंडानं हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

मग त्यानं स्क्रू ड्रायव्हर धाकट्याच्या हातात दिला आणि कार्बोरेटरकडे बोट केलं. उघड. चार तास त्यानं धाकट्याकडून ते सुटं करवलं, पुन्हा जोडून घेतलं, पुन्हा सुटं करायला लावलं. वहिनी म्हणाली, "आता या वयात शिकवणी?" दादानं मान हलवली. आपल्यानंतर धाकट्याला विचारायला कुणी नसेल, हे त्याला कळत होतं. धाकट्यालाही कळत होतं. तो मुकाट्यानं शिकला.

पुढच्या वेळी तो रिकाम्या हातानं गेला. दोघं खिडकीशी बसले. चहा झाला. बोलण्यासारखं धाकट्याकडे काही नव्हतं, दादाला बोलता येत नव्हतं, आणि हात कुठे ठेवावे हे दोघांनाही सुचेना. तासाभरानं वहिनीनं टीव्ही लावला.

त्यानंतर मात्र धाकटा वस्तीतून मागून का होईना, काहीतरी घेऊन जायला लागला. कुणाचा फवारणीचा पंप, कुणाचं शिलाई मशीन. कंडक्टर आता गोणपाटाला पाय लावत नाही, मागच्या सीटखाली जागा करून देतो. परतीच्या बसमध्ये दुरुस्त झालेली वस्तू धाकट्याच्या मांडीवर असते, आणि पाच तास तो खिडकीबाहेर बघत बसून राहतो.