लाडात घेतलेलं नाव

वरोऱ्यात एकाचं सीडीचं दुकान होतं. मागच्या खोलीत तो कॉम्प्युटरवर वरातीत नाचायची गाणी बनवायचा आणि स्वतःला डीजे म्हणवून घ्यायचा. मी तेव्हा नुकतीच बारावी झालेली, गावातल्या हळदींना गाणारी. अशाच एका हळदीत त्यानं मला ऐकलं आणि थेट आईला गाठलं.

"बाई, पोरीचा आवाज मले द्या. गाण्यात तिचं नाव सांगीन. जिल्हाभर ओळखतीन तिले."

आई माझ्याहून चांगली गायची, पण गावाबाहेर तिला कुणी ओळखत नव्हतं. ती लगेच हो म्हणाली. दुकानात मला घेऊनही तीच आली.

हळदीचं गाणं मी दोनदा म्हटलं. मग तो म्हणाला, "आता माइक तपासू. पहिले डीजे म्हण, मंग माह्यं नाव घे. जरा लाडात." मी मूर्ख, दहा वेळा म्हटलं. आई स्टुलावर बसून हसत होती.

दुसऱ्यानं गाणं ढापू नये म्हणून हे डीजे लोक गाण्यातच आपलं नाव घालतात, हे सीडी ऐकल्यावर कळलं. माझं गाणं ढोलांखाली दबलेलं, आणि दर कडव्याला मीच त्याचं नाव पुकारतेय. माझं नाव कुठेच नव्हतं.

"शेवटी असन," म्हणत आईनं सीडी पुन्हा लावली.

जाब विचारायला गेलो, तर म्हणतो, "नाचताना नाव कोण ऐकते?" मग तुझं कसं ऐकतात रे भामट्या, हे मला घरी आल्यावर सुचलं. पुढे त्यानं तोच आवाज आपल्या सगळ्या गाण्यांत घातला.

तीन वर्षांनी माझं लग्न झालं. घास भरवताना बायकांनी हट्टच धरला, नवऱ्याचं नाव घे. मी लाजत उखाणा सुरू केला आणि मांडवाबाहेरच्या भोंग्यातून माझ्याच आवाजात त्या मेल्याचं नाव आलं. उखाणा अर्धाच राहिला.

सासूनं नाक मुरडलं. "कोण होय हे बाई? परक्या माणसाचं नाव कशी लाडात घेऊन राह्यली!"

मी आईकडे पाहिलं. माझी पोरगी आहे, एवढंच तिनं म्हणायचं होतं.

"असन कोणी वाया गेलेली," आई म्हणाली आणि मठ्ठ्याची बादली उचलून पुढच्या पंगतीत वाढायला गेली.