म्हाताऱ्या माणसाचा कॉम्प्युटर बदलताना

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा कॉम्प्युटर चालू असेल तर तो बदलू नये. हळू चालतो, पंखा घरघरतो, दिसायला जुनाट आहे, ही कारणं आपली असतात, त्यांची नसतात. बदलावाच लागला तर आधी एक सकाळ त्यांच्या शेजारी बसावं आणि त्यांची बोटं कुठे जातात ते बघावं. हे मला आता नीट सांगता येतं. आमच्या घरी त्याचा उपयोग संपला, एवढंच.

आई सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होती. निवृत्त झाल्यावर मुलुंडच्या आमच्या कॉलनीतली सगळी कामं तिच्याकडे यायची. सोसायटीच्या नोटिसा, मंडळाचे अहवाल, कोकणातल्या कुणाच्या तरी देवळाची पत्रकं. टायपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, तेव्हा कळफलकाची मांडणी मात्र तिने टायपरायटरचीच ठेवून घेतली. कळांवरची अक्षरं इंग्रजी, तिच्या बोटांतली मराठी. खाली ती कधी बघायचीच नाही.

मग विसरणं सुरू झालं. पोह्यांत मीठ दोनदा पडायचं, दूध गॅसवर तसंच राहायचं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हे वाढतच जाणार हेही सांगितलं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटा भाऊ बोरिवलीला, मी घाटकोपरला आणि आईला मुलुंड सोडायचं नव्हतं. तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं की सकाळचं टायपिंग ती आपलं आपण करतेय तोवर तिला तिच्या घरात एकटं राहू द्यायचं. तेवढं एक काम अजून बिनचूक होतं. चहा झाला की पेपर पुढ्यात घेऊन त्यातली एखादी बातमी ती उतरवून काढायची. कशासाठी, विचारलं तर म्हणायची, हात बसलेला राहतो.

मी तो कॉम्प्युटर तिच्या बेताचा करत गेले. पडद्यावरची सगळी चित्रं काढून एकच ठेवलं. दोनदा क्लिक करणं जमेना, तेव्हा एका क्लिकवर उघडेल असं केलं. माउसचा बाण मोठा आणि काळा केला. पासवर्ड काढून टाकला. फाइल आपोआप सेव्ह होईल अशी सोय केली. इंटरनेटची वायरही काढून ठेवली, कारण मध्येच एखादी खिडकी उघडून काहीतरी विचारायची आणि आई घाबरून दिसेल ते दाबायची. यातलं काहीच अवघड नाही, सगळं सेटिंगमध्ये असतं. फक्त दर दोन-तीन महिन्यांनी आणखी एखादी गोष्ट कमी करावी लागायची. हे कुठे चाललंय ते मला दिसत होतं.

"तुझ्या बाबांनी जन्मात ऐकलं नाही, एवढं हे ऐकतं माझं," आई म्हणायची.

"बाबांचा पण पासवर्ड काढायला हवा होता."

"त्यांना पासवर्ड होता कुठे गो? कोणीही यायचं नि चालू करून जायचं."

तिच्या वाढदिवसाला भावाने नवा कॉम्प्युटर आणला. मोठा पांढरा पडदा, आवाज अजिबात नाही. जुना दुकानदाराला एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. मराठीसाठी नवी सोय घालून घेतली: इंग्रजी स्पेलिंगने लिहा, पडद्यावर मराठी उमटतं.

"झकास आहे गं ताई," त्याने फोनवर सांगितलं. "पोरंसुद्धा दोन मिनिटांत शिकतात."

मी ऑफिसात होते. बरं केलंस, म्हटलं.

पुढच्या रविवारी गेले तर कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला.

"आज टायपिंग नाही?"

"डोळे दुखतात."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. चष्म्याचा नंबर बदलला होता, नवा करून घेतला. टॉवेल तसाच. उद्या बसेन, म्हणायची. असं करता करता गणपती येऊन गेले. मग एका रविवारी ती आंघोळीला गेली असताना मी टॉवेल काढून मशीन चालू केलं.

अर्धवट राहिलेल्या फाइली मशीनने स्वतःहून जपून ठेवल्या होत्या. पहिलं पान भरलेलं होतं, पण वाचता येईल असा एक शब्द नाही. नुसती अक्षरांची खिचडी. दहावीच्या सुट्टीत आईने मला टायपिंग शिकवलं होतं, म्हणून थोड्या वेळाने उमगलं. जुन्या मांडणीत 'जे'च्या कळेवर 'र' असतो आणि 'आर'च्या कळेवर 'त'. नव्या सोयीत 'जे' दाबलं की 'ज' उमटतो. मी एकेक अक्षर उलट लावत गेले. पाणीकपातीची बातमी होती. पहिल्या पानावर आईची एकही चूक नव्हती. दुसरं पान अर्धं होतं. तिसऱ्यावर दोन ओळी. त्यानंतरची फाइल रिकामी.

ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "आई, सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? डॉक्टर बोललेच होते ना, सगळं जाणार. म्हटलं, हे पण गेलं."

मी तिथूनच भावाला फोन लावला.

"मला काय माहीत गं?" तो म्हणाला. "दुकानवाला बोलला, आता सगळे हेच वापरतात."

"आईला विचारायचं ना."

"तसंही ते जाणारच होतं, ताई. आज नाही तर सहा महिन्यांनी."

असेल. ते पडताळून बघायची आता सोय नाही.

जुनी मांडणी परत आणायला पाच मिनिटंही लागली नाहीत. भाषेच्या सेटिंगमध्ये जायचं, मराठीखाली टायपरायटरचा कळफलक निवडायचा, दुसरा काढून टाकायचा. पैसे पडत नाहीत.

"आई, मशीन चुकत होतं, तू नाही. बस बघू."

ती बसली. हात कळांवर नेले आणि तसेच वर धरून ठेवले. मग तिने खाली बघितलं. इतक्या वर्षांत मी तिला खाली बघताना पाहिलं नव्हतं.

"यांच्यावर काय लिहिलंय हे?"

"तिकडे बघू नकोस. पेपर बघ."

तिने पेपर बघितला, पुन्हा कळा बघितल्या. एका बोटाने एक कळ दाबली आणि बोट उचललंच नाही. 'र' उमटला, त्याच्यामागे आणखी एक, मग ओळ भरून गेली आणि दुसरी सुरू झाली. ती पडद्याकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

"उमटतंय की," ती म्हणाली. "झालं तुझं मशीन नीट. जा आता, उशीर होईल तुला."

"परत एकदा करून बघ ना."

"माका आता येणा नाय गो," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी भावाला फोन करून सांगितलं की आईसाठी दिवसरात्रीची बाई बघावी लागेल. तो म्हणाला, बघतो. कॉम्प्युटरचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.